कागद कुत्र्याचा, सही माणसाची

(मंडळाच्या सांस्कृतिक कार्यक्रमात केलेले भाषण)



मी डॉक्टर नाही की प्रोफेसर नाही. जळगावला डिप्लोमा केला, रेल्वेत लागलो, बदलीवर दिल्लीला आलो आणि इथलाच झालो. कुत्र्यांना शिकवण्याचा व्यवसायही माझा नाही, आमच्या सौ.चा आहे. रेल्वे नोकराला खाजगी धंदा करता येत नाही. घरच्या माणसाने केला तर ऑफिसला रीतसर कळवावं लागतं, तसं कळवलेलं आहे. माझ्याकडे रविवारी दोरी धरायचं काम तेवढं!

सौ. पाळीव कुत्री शिकवते, सोसायटीच्या गेटवरची गावठीही शिकवते. त्यातली काही पुढे 'थेरपी डॉग' होतात. म्हणजे वृद्धाश्रमात किंवा विशेष मुलांच्या शाळेत जाऊन शांत बसायचं आणि लोकांना अंगावरून हात फिरवू द्यायचा. अंधांना रस्ता दाखवणारा कुत्रा तो वेगळा. आपल्याकडे मुंबईत मिनल कविश्वर यांच्या अॅनिमल एंजल्स फाउंडेशनने हे काम कधीच सुरू केलं आहे.

अडचण सर्टिफिकेटची. याचा सरकारी दाखला आपल्याकडे नाही, तेव्हा शिकवणाऱ्याची सही हीच किंमत. सौ. अमेरिकन केनेल क्लबची १९८९ पासूनची दहा भागांची परीक्षा आधाराला घेते. अनोळखी माणूस जवळ आला, गर्दीतून चालायचं आहे, शेजारी काही दाणकन पडलं, मालक तीन मिनिटं दिसेनासा झाला, तर कुत्रा काय करतो? शिवाय लशी पूर्ण हव्यात, वय वर्षाच्या वर हवं आणि दर दोन वर्षांनी पुन्हा परीक्षा. एका गृहस्थांचा लॅब्रॅडोर शेकहँड करायचा, वॉकर पडला तसा गुरगुरला. नापास. गृहस्थ फी परत घेऊन गेले, आणि चार लोकांत आमची बदनामीही करून आले.

आता चंपीची गोष्ट. आमच्या स्टेशनच्या टोकाला ट्रॅकमन मंडळींनी वाढवलेली कुत्री. नसबंदी झालेली, म्हणून कानाला खाच. सौ.ने तिला बसायला, थांबायला शिकवलं होतं. २०२५ साली कुत्रा चावण्याच्या आणि रेबीजच्या बातम्यांवरून सुप्रीम कोर्टाने स्वतःहून प्रकरण हाती घेतलं. ११ ऑगस्टला दिल्ली परिसरातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश झाला. २२ ऑगस्टला तो सौम्य झाला: नसबंदी, लस करून जागच्या जागी सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून. पण ७ नोव्हेंबरच्या आदेशात शाळा, हॉस्पिटल, बस डेपो यांच्याबरोबर रेल्वे स्टेशनही आलं. तिथली कुत्री हलवायची, परत तिथे सोडायची नाहीत.

ट्रॅकमन माझ्याकडे आले. "साहब, मैडम से थेरपी डॉग का सर्टिफिकेट बनवा दो, फिर कोई नहीं ले जाएगा." माझाही जीव तुटत होता. घरी येऊन म्हटलं, "एक कागद लिहून दे, काय बिघडतं?"

चंपी गाडीच्या आवाजाला दचकत नाही, पण खाताना कुणी जवळ आलं की दात दाखवते. हे मलाही माहीत होतं. ही म्हणाली, "अहो, ब्लॉकचं काम अर्धवट असताना तुम्ही ट्रॅक फिटचा मेमो देता का?"

मी गप्प बसलो. पंचवीस वर्षं त्या मेमोवर सही करतोय; सहीनंतर गाडी सुटते, गाडीत माणसं असतात. आणि खरं सांगायचं तर तो कागद दिला असता तरी कोर्टाच्या आदेशापुढे त्याचा काही उपयोग नव्हता. दोन दिवस घरात बोलणं कमीच होतं.

शेवटी एका ट्रॅकमनने रीतसर अर्ज करून चंपीला दत्तक घेतलं. आता ती त्याच्या अंगणात असते. सौ. महिन्यातून एकदा जाते, ताटलीजवळ हात नेऊन बघते. गुरगुरणं कमी झालंय, दात अजून दिसतात. स्टेशनच्या त्या टोकाला गेलो की मी अजून सवयीने खिशात बिस्किट चाचपतो.

आरतीची वेळ झाली, म्हणून एवढंच. प्रसादाचा मोदक लाडाने कुत्र्याला घालू नका. बेदाणे आणि चॉकलेट त्यांना विषासारखे आहेत. विसर्जनाला ढोल लागायच्या आत आपलं जनावर आतल्या खोलीत ठेवा, पंखा चालू ठेवा आणि पाणी भरून ठेवा.