पडद्यावरची पोकाहॉन्टस

डिस्नेचा ‘पोकाहॉन्टस’ आपल्यापैकी अनेकांनी मुलांबरोबर पाहिला असेल. १९९५ सालचा हा कार्टूनपट. त्याची जन्मकथा मला मोठी गमतीची वाटते. दिग्दर्शक माइक गॅब्रिएल स्टुडिओच्या बैठकीत पटकथा घेऊन गेलेच नाहीत. डिस्नेच्याच जुन्या ‘पीटर पॅन’मधल्या टायगर लिलीचे चित्र, त्यावर पोकाहॉन्टसचे नाव आणि मोजक्या शब्दांत गोष्ट. एवढ्यावर होकार मिळाला!

त्याच सुमारास तिथे ‘द लायन किंग’चेही काम चालू होते. वरिष्ठांचा भरवसा मात्र पोकाहॉन्टसवर. त्यामुळे बऱ्याच नामांकित चित्रकारांनी सिंहाऐवजी तिला निवडले. पुढे जास्त गल्ला कोणी जमवला, ते आपण जाणताच. यातले प्राणी आधी बोलणार होते. कथेचा सूर गंभीर, म्हणून रॅकून आणि हमिंगबर्ड मुके झाले. हे मला फार आवडले. मुक्या जिवाला नुसत्या डोळ्यांनी बोलते करायचे म्हणजे चित्रकाराचा कस लागतो.

इतिहासापाशी मात्र हा संयम सुटला. १६०७ मध्ये इंग्रज व्हर्जिनियात उतरले, तेव्हा पोकाहॉन्टस जेमतेम दहा-अकरा वर्षांची पोर होती. प्रेमकथा हवी म्हणून पडद्यावर तिची तरुणी झाली. जॉन स्मिथचा जीव तिने वाचवला, हा प्रसंग स्मिथच्या १६०८ च्या वृत्तान्तात नाही. तो सविस्तर आला १६२४ च्या पुस्तकात. तोवर तिला जाऊन सात वर्षे झाली होती.

आणि जे घडले, ते चित्रपटात नाही. १६१३ मध्ये इंग्रजांनी तिला फसवून जहाजावर नेले, ओलीस ठेवले. त्यांच्या ताब्यात असतानाच तिचा बाप्तिस्मा झाला, नाव रिबेका ठेवले. १६१४ मध्ये तंबाखू पिकवणाऱ्या जॉन रॉल्फशी तिचे लग्न झाले. दोन वर्षांनी तिला इंग्लंडला नेऊन दरबारी मंडळींत मिरवले.

चित्रपटात तिच्या वडिलांना आवाज देणारे रसेल मीन्स हे मूळ रहिवाशांच्या चळवळीतले नेते. त्यांनी चित्रपटाची तोंडभरून स्तुती केली. पोव्हाटन वंशजांपैकी काहींनी मात्र जाहीर निषेध केला. मला निषेध करणाऱ्यांचे म्हणणे पटते. गाणी गोड आहेत, ऑस्करही मिळाले. पण ज्यांच्या घरातली मुलगी पळवली गेली, त्यांनी त्यावर टाळ्या का वाजवाव्यात?

मायदेशी परतायला निघाली आणि ती आजारी पडली. मार्च १६१७ मध्ये इंग्लंडमधल्या ग्रेव्हसेंडला वारली, वय सुमारे एकवीस. तिथल्याच चर्चमध्ये तिला पुरले. १७२७ मध्ये ते चर्च जळाले. तिची नेमकी जागा आज कोणालाच दाखवता येत नाही.