घरातील सांडपाणी, पंचगंगा आणि तापणारे वातावरण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



पाणी गाळून घेण्याचा परिपाठ आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. घरात येणाऱ्या पाण्याविषयी इतकी दक्षता बाळगणारे आपण, घराबाहेर पडणाऱ्या पाण्याचा मात्र फारसा विचार करीत नाही. मोरी धुतली, पाणी नळीतून गेले, की आपला संबंध संपला! आज मला त्या पाण्याच्या पुढील प्रवासाविषयी बोलावयाचे आहे. दुर्गंधी आणि रोगराई यांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे; मी त्याची एक निराळी बाजू मांडणार आहे.

सांडपाण्यात अन्नाचे कण, तेल, साबण आणि मलमूत्र असते. जिवाणू हे सारे कुजवितात. पाण्यात प्राणवायू पुरेसा असेल, तर त्यातून मुख्यतः कार्बन डायऑक्साइड निघतो. हा अन्नातून आलेला, म्हणजे मुळात पिकांनी हवेतूनच घेतलेला असल्यामुळे शास्त्रज्ञ त्याचा तापमानवाढीच्या हिशेबात समावेश करीत नाहीत. परंतु प्राणवायू संपला, की निराळ्या जातीचे जिवाणू कामाला लागतात आणि मिथेन तयार होतो. गोबर गॅसच्या टाकीत जे घडते तेच येथे घडते. फरक इतकाच, की तेथे तो वायू चुलीकडे जातो आणि येथे आकाशात. शंभर वर्षांच्या हिशेबाने मिथेनची उष्णता रोखून धरण्याची शक्ती कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, तर वीस वर्षांच्या हिशेबाने सुमारे ८० पट आहे. मलमूत्रातील नायट्रोजनपासून नायट्रस ऑक्साइडही निघतो. तो प्रमाणाने थोडा, पण शक्तीने २७३ पट आहे.

आता आपल्या गावाकडे वळू. जयंती ही एके काळी नदी होती. आज तिला ‘जयंती नाला’ म्हणतात, आणि या नामांतरातच शहराचा एक इतिहास आहे. जयंती आणि दुधाळी या नाल्यांतून कोल्हापूरचे सांडपाणी वर्षानुवर्षे पंचगंगेत जात राहिले. पुढे कसबा बावडा येथे दररोज ७६ दशलक्ष लिटर आणि दुधाळी येथे १७ दशलक्ष लिटर क्षमतेची शुद्धीकरण केंद्रे उभी राहिली. हे निःसंशय मोठे काम होय. तथापि सांडपाणी तेथवर पोहोचले आणि यंत्रे नीट चालली, तरच त्याचा उपयोग. आंतरराष्ट्रीय हवामान मंडळाच्या २००६ च्या मार्गदर्शिकेचा हिशेब पाहा. उत्तम चालणाऱ्या, हवा पुरविणाऱ्या केंद्रातून मिथेन जवळजवळ शून्य धरला जातो. पेलवेना इतका भार पडलेल्या किंवा नीट न चालविलेल्या केंद्रातून मात्र कमाल संभाव्य मिथेनच्या तीन दशांश. वाहत्या नदीत दहावा हिस्सा, आणि तुंबलेल्या, उन्हाने तापणाऱ्या उघड्या गटारात तब्बल निम्मा!

येथे आपल्या जिल्ह्याचे एक वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ आपल्या नावाने ओळखला जातो, त्याचा आपल्याला अभिमानही आहे. पावसाळा सरला की बर्गे घातले जातात, पाणी अडते आणि शेती पिकते. परंतु अडलेल्या पाण्यात सांडपाणी मिसळले, तर नदीचे डबके होण्यास वेळ लागत नाही. केंदाळ माजते. शिरोळ तालुक्यात तेरवाड बंधाऱ्यापाशी मृत माशांचा खच पडल्याची वार्ता आपण अनेकदा वाचली आहे. प्राणवायूवाचून मासा गुदमरतो, आणि तळाच्या गाळात मिथेन तयार होण्यास तीच स्थिती अनुकूल असते. म्हणून मी या दोन तक्रारी वेगळ्या मानीत नाही. माशाला वाचविणारा उपाय तोच हवेलाही वाचवील.

देशाचे आकडे काय सांगतात? घरगुती सांडपाण्यातून १९९४ साली सुमारे ३ लाख ५९ हजार टन मिथेन निघाल्याची शासकीय नोंद आहे. २००७ साठी तोच आकडा ८ लाख ६१ हजार टनांवर गेला. यातील काही वाढ मोजणीची रीत बदलल्यामुळे दिसते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण शहरे वाढली, संडास वाढले, हेही खरेच. २०११ च्या जनगणनेत शहरी घरांपैकी ३२.७ टक्के घरे भुयारी गटाराला जोडलेली होती, तर ३८.२ टक्के घरांना सेप्टिक टँक होता. सेप्टिक टँक हे मिथेनचे मोठे उगमस्थान आहे. म्हणून संडास बांधू नयेत असा अर्थ कोणी काढू नये. उघड्यावर जाण्याने बालके दगावतात. प्रश्न टाकी बांधल्यानंतरचा आहे. दर दोन-तीन वर्षांनी ती उपसावी लागते. हे आपल्यापैकी किती जण करतात?

एका कुटुंबाचा हिशेब करू. वरील मार्गदर्शिका भारतासाठी माणशी दररोज ३४ ग्रॅम इतका सेंद्रिय भार धरते. म्हणजे तो कुजविण्यास जिवाणूंना तितका प्राणवायू लागतो. पाच माणसांचा वर्षाचा भार सुमारे ६२ किलो झाला. सेप्टिक टँकमधून त्याचा मिथेन होतो साधारण साडेअठरा किलो, म्हणजे सुमारे ५२० किलो कार्बन डायऑक्साइडच्या तोडीचा. आणि हाच वायू इंधन म्हणून पाहिला, तर त्याची उष्णता स्वयंपाकाच्या एका भरलेल्या सिलिंडरपेक्षा अधिक आहे.

ही कल्पना नवी नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ साली मैल्याच्या टाकीतला वायू गोळा करण्याची व्यवस्था झाली होती. देहूचे डॉक्टर सुहास मापुस्कर १९६० साली तेथील आरोग्य केंद्रात आले, तेव्हा गावात संडासांचा अभाव होता. त्यांनी लोकांना संडास बांधावयास लावलेच, शिवाय त्यांना जोडलेले ‘मलप्रभा’ हे जैववायू संयंत्र प्रचारात आणले. २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मैल्याच्या वायूवर अन्न शिजविण्यास लोक कां-कूं करतात, हा अनुभव सर्वत्र आहे. निळी ज्योत एकदा पाहिली, की ती भीड बरीचशी ओसरते.

वसतिगृहे, भोजनशाळा, मंगल कार्यालये चालविणाऱ्या संस्था आपल्या शहरात पुष्कळ आहेत. शेकडो माणसांचे खरकटे आणि मैला तेथे एकाच आवारात मिळतो; असा संयोग एकेकट्या घराला लाभत नाही. नवी इमारत बांधताना आराखड्यातच अशा टाकीची जागा ठेवली, तर पुढे फरशी उखडावी लागत नाही. ज्यांच्या आवारात जुना सेप्टिक टँक आहे, त्यांनी तो शेवटचा कधी उपसला याची नोंद दप्तरात पाहावी, आणि उपसलेला मैला टँकर कोठे नेऊन ओततो, तेही विचारावे. तो नाल्यात ओतला जात असेल, तर पंचगंगा तेथून लांब नाही.