मतपेटी आणि दोरखंड : अमेरिकेतील गोऱ्या वर्चस्वाच्या हिंसेचा इतिहास

अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ साली संपले आणि त्याच वर्षी तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी बंद झाली. सुमारे ४० लाख माणसे गुलामीतून सुटली. १८६८च्या चौदाव्या दुरुस्तीने त्यांना नागरिकत्व मिळाले, १८७०च्या पंधराव्या दुरुस्तीने कृष्णवर्णीय पुरुषांना मताधिकार. दक्षिणेतील पराभूत राज्यांत केंद्राचे सैन्य होते तोवर या मताला किंमत होती. १८७० साली मिसिसिपीचे हायरम रेव्हल्स सिनेटचे पहिले कृष्णवर्णीय सदस्य झाले. राज्यांची विधिमंडळे आणि स्थानिक कचेऱ्या यांत शेकडो कृष्णवर्णीय निवडून आले. गुलामगिरीच्या काळात चाबूक मालकाच्या हाती असे आणि कायदा त्याच्या पाठीशी. आता कायदा उलटला होता. तो निकामी करण्यासाठी हिंसा संघटित झाली.

दक्षिणेच्या सैन्यातील माजी सैनिकांनी टेनेसीतील पुलास्की गावी स्थापन केलेली कू क्लक्स क्लान ही त्या संघटनांपैकी सर्वांत कुप्रसिद्ध. रात्री मुखवटे घालून मतदार, शिक्षक आणि पुढारी यांना घराबाहेर ओढणे ही तिची रीत होती. राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी १८७१च्या कायद्याचा आधार घेऊन दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ काउंट्यांत सैन्य वापरले आणि पहिली क्लान मोडून काढली. सरकारने मनावर घेतले तर ही हिंसा थांबवता येते, हे यातून सिद्ध झाले. पुढचा इतिहास मात्र सरकारने मनावर न घेतल्याचा आहे.

त्याची सुरुवात लुइझियानातील कोलफॅक्स येथे झाली. १८७२च्या राज्यपालपदाच्या निवडणुकीचा निकाल वादात सापडला आणि कृष्णवर्णीय नागरिक गावातील न्यायालयाच्या इमारतीचे रक्षण करू लागले. १३ एप्रिल १८७३ रोजी, ईस्टरच्या रविवारी, गोऱ्यांच्या सशस्त्र जमावाने तोफ आणून इमारत पेटवली आणि शरण आलेल्यांनाही गोळ्या घातल्या. मृतांचे अंदाज साठपासून दीडशेपर्यंत आहेत. याच वर्षी जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केला होता. कोलफॅक्स प्रकरणी शंभराच्या आसपास लोकांवर आरोप ठेवले गेले. दोषी ठरले तिघे. १८७६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचीही शिक्षा रद्द केली. चौदावी दुरुस्ती राज्यांना बांधते, खाजगी व्यक्तींना नाही, असे कारण न्यायालयाने दिले. म्हणजे झुंडीविरुद्ध दाद मागायची ती राज्याच्या पोलिसांकडे आणि ज्यूरीकडे. आणि तेथे बहुतेक वेळा झुंडीचेच शेजारी बसलेले असत.

१८७७ साली सैन्याचे संरक्षण निघून गेले. त्यानंतर मताधिकार कागदोपत्री न काढता प्रत्यक्षात काढून घेण्याचे मार्ग शोधले गेले : मतदान-कर, साक्षरतेची परीक्षा, आणि लुइझियानाची १८९८ची ‘आजोबांची सवलत’. वडील किंवा आजोबा १ जानेवारी १८६७ पूर्वी मतदार असतील, तर या अटींतून सूट मिळे. त्या तारखेला तेथील कृष्णवर्णीयांना मताधिकारच नव्हता; सूट कोणासाठी होती हे उघड आहे. या राज्यात १८९६ साली १,३०,३३४ कृष्णवर्णीय मतदार नोंदलेले होते. १९०४ साली उरले १,३४२.

कायदा आणि बंदूक एकमेकांच्या हातात हात घालून कशी चालत होती, हे उत्तर कॅरोलिनातील विल्मिंग्टन शहरात दिसले. तेथे गोरे आणि कृष्णवर्णीय यांच्या युतीचे नगरसरकार होते. १० नोव्हेंबर १८९८ रोजी सशस्त्र गोऱ्यांनी अलेक्झांडर मॅनली यांच्या कृष्णवर्णीय वृत्तपत्राची कचेरी जाळली, अनेकांना ठार मारले आणि महापौरांसह नगरसेवकांना राजीनामे द्यायला लावले. जमावाचे पुढारी आल्फ्रेड वॉडेल त्याच दिवशी महापौर झाले. कोणालाही शिक्षा झाली नाही.

याच दशकांत लिंचिंग, म्हणजे खटल्याशिवाय झुंडीने माणूस मारणे, नित्याचे झाले. टस्कीगी संस्थेच्या नोंदींनुसार १८८२ ते १९६८ या काळात ४,७४३ झुंडबळी गेले. त्यांपैकी ३,४४६ कृष्णवर्णीय होते. गोऱ्या स्त्रियांच्या अब्रूचे रक्षण हे या हत्यांचे ठरलेले समर्थन. पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी ते तपासले. मार्च १८९२मध्ये मेम्फिस येथे त्यांचे मित्र थॉमस मॉस आणि दोन सहकारी मारले गेले. गोऱ्या वाण्याच्या दुकानाशी स्पर्धा करणारे किराणा दुकान चालवणे, हे या वैराचे मूळ होते. वेल्स यांनी वृत्तपत्रांतील नोंदी मोजून दाखवले की बलात्काराचा नुसता आरोपसुद्धा सुमारे एकतृतीयांश प्रकरणांतच होता. त्यांच्याही वृत्तपत्राची कचेरी उद्ध्वस्त झाली आणि त्यांना मेम्फिस कायमचे सोडावे लागले.

मताप्रमाणेच मालमत्ताही डोळ्यांत खुपत होती. ओक्लाहोमातील टल्सा शहराचा ग्रीनवुड हा भाग कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांमुळे भरभराटीला आला होता. एका तरुणावरील आरोपावरून ३१ मे १९२१ रोजी न्यायालयाबाहेर गोऱ्यांचा जमाव जमला. त्याला झुंडीपासून वाचवण्यासाठी सशस्त्र कृष्णवर्णीय पुरुष तेथे आले. मग गोऱ्यांचा जमाव ग्रीनवुडवर चालून गेला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तेथील सुमारे ३५ चौक जळून गेले होते. मृतांचा अंदाज ३००पर्यंत जातो. घटनेला दंगल ठरवून विमा कंपन्यांनी भरपाई नाकारली.

झुंडबळीविरोधी केंद्रीय कायद्याचे पहिले विधेयक १९०० साली, त्या वेळचे काँग्रेसमधील एकमेव कृष्णवर्णीय सदस्य जॉर्ज हेन्री व्हाइट यांनी मांडले. १९२२ साली डायर विधेयक प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, पण सिनेटमध्ये दक्षिणेच्या सदस्यांनी लांबण लावून ते पाडले. १९०९ साली स्थापन झालेल्या एनएएसीपी या संघटनेने हा लढा चालू ठेवला. तिचे एक संस्थापक डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पत्र लिहिले आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांसाठीही तसाच अर्ज करण्याचा विचार त्यामागे होता.

१९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या १४ वर्षांच्या मुलाची हत्या झाली. त्याच्या आईने शवपेटी उघडी ठेवून त्याचा छिन्नविच्छिन्न चेहरा जगाला दाखवला. गोऱ्या ज्यूरीने सुमारे तासाभरात आरोपींना निर्दोष सोडले. पुढच्याच वर्षी त्यांनी पैसे घेऊन एका नियतकालिकाला गुन्ह्याची कबुली दिली. पुन्हा खटला भरता येणार नाही हे त्यांना ठाऊक होते. १९६३ साली बर्मिंगहॅममधील चर्चमध्ये बॉम्ब ठेवून चार मुलींना मारणाऱ्यांपैकी पहिल्याला शिक्षा १९७७मध्ये झाली, शेवटच्याला २००२मध्ये. १९६४चा नागरी हक्क कायदा आणि १९६५चा मताधिकार कायदा यांनी जुनी व्यवस्था मोडली. तरी हिंसा संपली नाही. २०१५मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ आणि २०२२मध्ये बफेलोच्या बाजारात दहा कृष्णवर्णीय मारले गेले. दोन्ही मारेकरी गोऱ्या वर्चस्वाच्या विचाराने भारलेले होते. फरक इतका, की दोघांनाही न्यायालयाने शिक्षा दिली.

एमेट टिलच्या नावाचा झुंडबळीविरोधी कायदा २९ मार्च २०२२ रोजी झाला, व्हाइट यांच्या विधेयकानंतर १२२ वर्षांनी. कोलफॅक्समध्ये विसाव्या शतकाच्या मध्यावर उभारलेला सरकारी फलक त्या हत्याकांडाला दंगल म्हणत होता आणि दक्षिणेतील कुशासनाचा शेवट म्हणून त्याचा गौरव करत होता. २०२१ साली तो काढला गेला. २०२३ साली, दीडशे वर्षे पूर्ण झाली त्या दिवशी, गावात नवे स्मारक उभे राहिले. त्यावर मारल्या गेलेल्या कृष्णवर्णीयांपैकी ज्यांचा छडा लागला, अशा ५७ जणांची नावे कोरलेली आहेत.