नेमबाजी आणि सौम्य काडतूस



काडतूस जितके जोरदार तितकी नेमबाजी चांगली, असा एक समज आहे. तो तपासून पाहू. अमेरिकेत १९३५ साली '.३५७ मॅग्नम' काडतूस निघाले. त्याआधीचे '.३८ स्पेशल' एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे. दोहोंच्या गोळीची जाडी एकच. मॅग्नमचे टरफल मात्र सुमारे ३ मिलिमीटर लांब ठेवले, ते जुन्या, कमी ताकदीच्या रिव्हॉल्व्हरात शिरू नये म्हणून. उलट मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरात स्पेशल खुशाल चालते.

मग छंद म्हणून नेम धरणाराने कोणते घ्यावे? माझ्या मते सौम्य. दणक्याच्या भीतीने चाप ओढतानाच मनगट बिचकते, नळी झुकते आणि गोळी खाली जाते. ही खोड एकदा अंगवळणी पडली की सुटता सुटत नाही. शिवाय कागद भेदायला जोर तो किती लागणार? सपाट तोंडाची मंद गोळी स्वच्छ गोल भोक पाडते. गुण मोजताना वाद उरत नाही.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. स्पेशल पुष्कळ झाडल्यावर काडतुसाच्या घरात काजळी धरते. मॅग्नम भरण्यापूर्वी ती घासून काढावी. आणि सौम्य गोळीही प्राण घेते, हे क्षणभरही विसरू नये.