कायेतूरचा कडा

दक्षिण अमेरिकेच्या उत्तर किनाऱ्यावर, व्हेनेझुएला व सुरिनाम यांच्यामध्ये, गयाना हा देश वसला आहे. १९६६ साली तो स्वतंत्र झाला. ब्रिटनमध्ये १९५८ साली निघालेली व्ही. एस. ओ. आणि अमेरिकेत १९६१ साली स्थापन झालेले पीस कोअर, या संस्थांचे तरुण स्वयंसेवक येथे सेवेसाठी आले. अशा स्वयंसेवकाला सुटी मिळाली की अरण्यातील कायेतूरचा धबधबा त्याला खुणावू लागतो.

राजधानी जॉर्जटाऊनहून लहान विमानाने तासाभरात तेथे जाता येते. पायी जाणाऱ्यास मात्र कित्येक दिवस लागतात. पोटारो नदीतून होडीने जावयाचे, खळाळ आला की उतरून सामान खांद्यावर घ्यावयाचे, रात्री झोळीत निजावयाचे आणि टुकाइटपासून उभी चढण चढावयाची. वाटाड्यावाचून हे घडत नाही. इतरांना शिकविण्यास आलेला मनुष्य येथे मुकाट्याने शिष्य होतो.

मग अकस्मात अरण्य संपते. पाचोळ्याच्या अर्काने चहासारखी तांबूस झालेली नदी २२६ मीटर खाली एकाच उडीत कोसळताना दिसते. वरचा खडक कठीण, खालचा मऊ. मऊ खडक झिजून पडद्याआड गुहा झाली आहे. सायंकाळी पाकोळ्यांचे थवेच्या थवे पाण्यामागे शिरून तेथे विसावतात. काठावर अननसाच्या कुळातील प्रचंड झाडे आहेत. त्यांच्या पानांच्या बेचक्यांत साचलेल्या पाण्यात बोटाच्या पेराएवढा सोनेरी बेडूक आपले सारे आयुष्य काढतो.

१८७० साली चार्ल्स बॅरिंग्टन ब्राऊन या भूगर्भशास्त्रज्ञाने हा धबधबा पाहिला व त्याची वार्ता युरोपात पोचली. पातामोना लोकांना तो त्यापूर्वीच ठाऊक होता, हे सांगावयास नकोच. नावाविषयी दोन कथा आहेत. एका कथेत काय नावाचा नायक आपली जमात वाचावी म्हणून देवापुढे आत्मार्पण करतो आणि होडीसह कड्यावरून जातो. ब्राऊनने नोंदविलेल्या कथेत आप्तच कंटाळून एका वृद्धाला होडीत बसवून लोटून देतात. एकीत त्याग आहे, दुसरीत त्यागाच्या नावावर खपेल असा स्वार्थ. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही होड्या सारख्याच दिसतात.

सेवेचेही असेच आहे. १९२९ साली येथे राष्ट्रीय उद्यान झाले. १९७३ मध्ये खाणकामासाठी त्याची हद्द आखडली. १९९९ मध्ये ती सुमारे ६२७ चौरस किलोमीटरपर्यंत वाढविली, तेव्हा नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या पातामोनांच्या शिकारी-मासेमारीच्या पारंपरिक हक्कांचा प्रश्न उभा राहिला. सोन्याच्या लोभाने अरण्य खणले गेले, तर सोने धरून ठेवण्यासाठी वापरलेला पारा नदीत उतरतो आणि माशांतून माणसाच्या अन्नात येतो. रक्षण करावयाचे तर तेथील रहिवाशांस विचारूनच केले पाहिजे. नाही तर उपकाराच्या होडीत बसवून त्यांनाच कड्याकडे लोटल्यासारखे होईल.

परदेशी स्वयंसेवक वर्षा-दोन वर्षांनी आपल्या घरी परततो. गावकऱ्यांना मात्र त्याच नदीचे पाणी प्यावयाचे असते. कड्यावर उभे राहून एवढे ज्याच्या ध्यानी आले, त्याने धबधबा खरोखर पाहिला.