स्वमग्न मूल हे कोणाच्याही पापाचे फळ नव्हे

(वर्षावासानिमित्त नाशिक येथील धम्मसभेत एका पालकाने दिलेले व्याख्यान)





विहारात धम्मावर बोलावयाचे सोडून हा गृहस्थ आपल्या घरातील मुलाची कथा काय सांगत बसला आहे, असे आपणांपैकी काहींना वाटेल. परंतु धम्म हा पोथीत ठेवण्याचा विषय नसून घरात आचरण्याचा विषय आहे, असे आपण मानतो. तेव्हा माझ्या घरात धम्माची परीक्षा कशी झाली, त्या परीक्षेत मी कसा नापास होत होतो आणि मला कोणी सावरले, हे आपणांपुढे मांडणे मी माझे कर्तव्य समजतो.

आमच्या घराने धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी देव्हाऱ्यातील टाक आम्ही गोदावरीत विसर्जित केले. त्यानंतर दोन वर्षांनी आम्हांला मुलगा झाला. दीड वर्षाचा होईपर्यंत तो दोन-चार शब्द बोलत असे; पुढे तेही थांबले. नावाने हाक मारली तर तो मान वळवीत नसे. परंतु शेजारच्या घरात कुकरची शिटी झाली की कानांवर हात ठेवून किंचाळत असे. घरातील चमचे एका ओळीत मांडण्यात त्याचे तासचे तास जात. त्यांतील एक चमचा कोणी हलविला तर तो जमिनीवर डोके आपटून घेई. तहान लागली म्हणजे “पाणी पाहिजे का?” असे आम्हांलाच विचारी, कारण आम्ही त्याला जे विचारीत होतो तेच शब्द तो परत उच्चारीत होता. डॉक्टरांनी सांगितले, मुलाला ऑटिझम आहे. मराठीत याला स्वमग्नता म्हणतात.

स्वमग्नता हा साथीचा रोग नव्हे आणि वेडही नव्हे. मेंदूची जडणघडणच काहीशी निराळी होते. त्यामुळे बोलणे, दुसऱ्याशी मिळून-मिसळून वागणे आणि आवाज, प्रकाश, स्पर्श सोसणे या गोष्टी अशा मुलाला इतरांसारख्या जमत नाहीत. कोणी मुळीच बोलत नाही, तर कोणी पदवीधर होतो. एक मूल दुसऱ्यासारखे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगातील सुमारे १२७ माणसांमागे एक माणूस स्वमग्न होता. यात अनुवंशाचा वाटा मोठा आहे. लस टोचल्याने स्वमग्नता येते ही समजूत खोटी आहे. ज्या १९९८ सालच्या लेखातून ती पसरली तो लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. यावर गुण देणारी गोळी नाही. परंतु लवकर ओळखले, वाचाउपचार, व्यवसायोपचार आणि विशेष शिक्षण मिळाले, तर मूल पुष्कळ शिकते.

डॉक्टरांचे म्हणणे मला समजले होते, तरी नातलगांचे म्हणणे माझ्या मनाला अधिक लागले. ते म्हणाले, “तुम्ही कुळाचे देव पाण्यात टाकलेत, ते देव आता मुलावर उलटले.” कोणी म्हणाले, “मागच्या जन्मीचे भोग आहेत, भोगल्यावाचून सुटका नाही.” एका वडीलधाऱ्याने सुचविले की, त्र्यंबकेश्वरी जाऊन नारायण नागबली करावा, कोणाला कळणार नाही, विहारातील लोकांनाही नाही. बंधूंनो, मी कबूल करतो की मी तयार झालो. ज्या नाशिक जिल्ह्यात, येवले येथे, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, त्याच जिल्ह्यात मी, बावीस प्रतिज्ञा घेतलेला मनुष्य, चोरून विधी करावयास निघालो होतो. मुलाच्या काळजीने माणूस किती दुबळा होतो, हे मी त्या दिवशी पाहिले.

मला माझ्या पत्नीने थांबविले. ती म्हणाली, “देव कोपले असे म्हणायचे तर देव आहेत असे आधी मानावे लागेल. तुम्हांला ते मानायचे असेल तर माना. पण माझ्या लेकराला तुमच्या पापाचा पुरावा करू नका.” त्या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आजही नाही.

आता या कर्माच्या भोगाचा विचार आपण शांतपणे करू. मागील जन्मीच्या पापाने माणूस हीन जन्मास येतो, हीच शिकवण देऊन आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवण्यात आले. पाणवठ्यावर जाऊ नका, देवळात येऊ नका, शिकू नका. कारण विचारले तर तुमचे कर्म! ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ हा बाबासाहेबांचा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. पूर्वकर्माचा हा सिद्धांत मानला की दीनदुबळ्यांच्या दुःखाची जबाबदारी समाजावर आणि राज्यावर राहत नाही, असे त्यांनी त्यात परखडपणे दाखवून दिले आहे. जो सिद्धांत आपल्यावर लादला तेव्हा आपण अन्याय म्हटला, तोच सिद्धांत आपल्या घरातील अजाण मुलावर लादला तर त्याला न्याय कसा म्हणावे?

स्वतः भगवान बुद्धांपुढेही हा प्रश्न आला होता. सीवक नावाच्या परिव्राजकाने त्यांना विचारले की, माणसाला जे सुखदुःख होते ते सर्व पूर्वकर्मानेच होते, असे काही लोक म्हणतात. ते खरे काय? भगवंतांनी ते मानले नाही. पित्त, कफ, वात, ऋतूंतील बदल अशी अनेक कारणे त्यांनी सांगितली, आणि सर्व काही पूर्वकर्मावर टाकणारे लोक अनुभवाच्या आणि जगाला ठाऊक असलेल्या सत्याच्या पलीकडे जातात, असे सांगितले. संयुत्तनिकायात हे सुत्त आहे. कारण शोधा, नुसता दोष लावू नका, असा याचा अर्थ आहे.

दोष लावण्याची खोड आपल्याच देशात आहे असे मात्र समजू नका. अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अशा अकरा मुलांची नोंद प्रसिद्ध केली. पुढे कित्येक वर्षे तेथील मोठमोठे विद्वान सांगत राहिले की, आईच्या थंड, प्रेमशून्य वागणुकीमुळे मूल असे होते. मातांना हा कलंक निमूटपणे सोसावा लागला. हाही कर्मसिद्धांतच होता. केवळ त्याने वैद्याचा पोशाख घातला होता. १९६४ साली बर्नार्ड रिमलंड या गृहस्थांनी ग्रंथ लिहून ही समजूत खोडून काढली. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे पिताही होते. आपल्या मुलाच्या प्रेमापोटी त्यांनी नवस केला नाही; अभ्यास केला.

माझ्या भगिनींनो, म्हणून मी आपणांस विशेषकरून सांगतो की, आपले मूल स्वमग्न असेल तर त्यात आपला काही अपराध नाही. गरोदरपणी ग्रहण पाहिले, अमुक खाल्ले, तमुक विचार केला, या सर्व गोष्टी मनातून काढून टाका. आणि कोणी भगत मुलाला चटके देऊन, मारझोड करून भूत काढतो म्हणाला, तर महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने तो गुन्हा आहे, हे त्याला सांगा.

दोष कोणाचाच नाही, तर मग कर्तव्य काय, हा प्रश्न उरतो. त्यासाठी चुल्लपंथक भिक्खूची कथा आठवावी. चार महिने घोकूनही त्याला एक गाथा पाठ होईना. त्याचा थोरला भाऊ महापंथक हाही भिक्खूच होता. त्याने त्याला सांगितले, तुझा येथे उपयोग नाही, विहार सोडून जा. तो रडत दारापाशी उभा असता भगवान बुद्ध त्याला भेटले. त्यांनी त्याला पाठांतर सांगितले नाही. एक स्वच्छ पांढरे वस्त्र त्याच्या हाती दिले आणि ते हाताने चोळीत राहावयास सांगितले. वस्त्र मळत गेले, आणि ते पाहता पाहता त्याला अनित्यतेचे ज्ञान झाले. तो अर्हत झाला. संघाने शिष्य बदलावा असे भावाला वाटले. बुद्धांनी शिकविण्याची रीत बदलली. स्वमग्न मुलाच्या शिक्षणाचे सारे शास्त्र या कथेत आहे, असे मला वाटते.

आमच्या मुलाला शाळेत घालावयाची वेळ आली तेव्हा आम्हांला महापंथकच भेटले. एका शाळेच्या मुख्याध्यापकांनी सांगितले की, इतर पालक तक्रार करतील. दुसऱ्या शाळेने त्याला घेतले, पण वर्गाच्या दाराबाहेर व्हरांड्यात सतरंजीवर बसविले. त्याला तेथे एकटा बसलेला मी पाहिला आणि मला साताऱ्याच्या शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळा बसणारा भीमराव आठवला. त्या भीमरावाच्या पाठीशी एक पिता होता. सुभेदार रामजींनी मुलींचे दागिने गहाण ठेवून मुलासाठी पुस्तके आणली. परळच्या एका खोलीत त्याला अभ्यासाला पहाटे उठविता यावे म्हणून स्वतःची झोप मोडली. आपल्या मुलाचे दैव त्यांनी मान्य केले नाही. पालकाचे प्रेम म्हणजे काय, याचे आपल्यापुढील उदाहरण हे आहे.

माझ्या पत्नीने शाळेकडे एकच मागणी केली: मुलाला वर्गात बसविणार नसाल तर तसे लेखी द्या. लेखी कोणी दिले नाही. आठ दिवसांत मुलाला वर्गात बाक मिळाला. तिच्या हाती दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा होता. त्याच्या सोळाव्या कलमाप्रमाणे शासनाचे अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावयाचा आहे आणि त्याच्या गरजेप्रमाणे सोयी करावयाच्या आहेत. एकतिसाव्या कलमाप्रमाणे ज्याचे दिव्यांगत्व निदान ४० टक्के प्रमाणित झाले आहे, अशा ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे.

हा कायदा आकाशातून पडलेला नाही. १९९५ साली अपंगांसाठी जो पहिला व्यापक कायदा झाला, त्याच्या यादीत स्वमग्नतेचे नाव नव्हते. कागदावर आमची मुले अस्तित्वातच नव्हती. पालक संघटित झाले म्हणून हे बदलले. याच नाशकात १९७७ साली रजनी लिमये या शिक्षिकेने प्रबोधिनी ही संस्था उभारून मतिमंद मुलांसाठी शाळा काढली. त्या स्वतः अशा एका मुलाची आई होत्या. मतिमंदत्व आणि स्वमग्नता एक नव्हेत, परंतु आईने दार ठोठावण्याची रीत एकच आहे. दिल्लीत १९९१ साली मेरी बरुआ यांनी आपल्या स्वमग्न मुलाच्या निमित्ताने ‘ॲक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था स्थापिली. १९९९ साली राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता आली, आणि २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांच्या यादीत तिला स्थान मिळाले. संघटना आणि संघर्ष यांचे महत्त्व आपल्याला कोणी नव्याने शिकवावयास नको.

पालकांनी काही गोष्टी ताबडतोब कराव्यात. मूल दीड-दोन वर्षांचे होऊनही हाकेला ओ देत नसेल, बोट दाखवीत नसेल, बोलता बोलता थांबले असेल, तर “बोलेल मोठेपणी” म्हणून वाट पाहू नये. शासकीय जिल्हा रुग्णालयात तपासणी करावी. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि ओळखपत्र काढावे. त्यात लाज नाही, तो हक्काचा दस्तऐवज आहे. मूल १८ वर्षांचे झाले की आईबाप आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. राष्ट्रीय न्यास कायद्याखालील स्थानिक स्तर समितीकडे त्यासाठी अर्ज करावा लागतो, हेही ध्यानात ठेवावे. आमचा मुलगा आज चौदा वर्षांचा आहे. आमच्यामागे त्याचे कोण, हा विचार आम्हां दोघांना रात्री झोपू देत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर कायदा अर्धेच देतो; उरलेले अर्धे आपण द्यावयाचे आहे. पुष्कळ वर्षे मी मुलाला विहारात आणले नाही. तो मध्येच ओरडेल, लोक पाहतील, याची मला लाज वाटे. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत कर्ण्यांच्या आवाजाने तो थरथर कापू लागे, म्हणून आम्ही तिघे दार लावून घरात बसत असू. ज्या समाजासाठी २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारी सत्याग्रह सुरू झाला, त्या समाजातील एक कुटुंब स्वतःच्याच उत्सवाबाहेर राहत होते, आणि तो दरवाजा मी स्वतः लावला होता.

आता तो येतो. वंदनेच्या वेळी तो बसत नाही. दारापाशी जाऊन सर्वांच्या चपला जोडीजोडीने ओळीत लावतो. आपणांपैकी अनेकांनी त्या लावलेल्या पाहिल्या असतील. कोणी लावल्या हे आज सांगत आहे. माझी आपणांस विनंती एवढीच की, त्याला हसू नका, कीव करू नका, आणि त्याला हाताला धरून जबरीने बसवू नका. कर्ण्यांचा आवाज थोडा कमी ठेवा. आपल्या वस्तीत असे मूल दाराआड ठेवलेले असेल, तर त्याच्या आईबापांना भेटा, आणि ते शाळेत अर्ज घेऊन जातील तेव्हा त्यांच्याबरोबर दोघे जण जा. एकट्या आईला मुख्याध्यापक परत पाठवितो. तिच्यामागे समाज उभा दिसला तर तो खुर्ची पुढे करतो.

दीक्षा घेताना आपण सर्व माणसे समान आहेत असे मानण्याची प्रतिज्ञा केली. जो बोलू शकत नाही, जो आपल्याकडे पाहत नाही, तोही त्या ‘सर्व’ शब्दात आहे. त्याला वगळून ती प्रतिज्ञा पुरी होत नाही.



नमो बुद्धाय! जयभीम!