येणारे आणि जाणारे सरोवर
(जागतिक पाणथळ भूमी दिनानिमित्त दिलेल्या भाषणाचा मजकूर)



तलाव आटला की आपण हळहळतो, आणि आपल्याकडील उन्हाळा पाहता ते स्वाभाविकही आहे. आज मात्र अशा एका सरोवराचा परिचय करून द्यावयाचा आहे, की ज्याचे आटणे हाच तेथील जीवसृष्टीचा आधार आहे.

स्लोव्हेनिया देशातील त्सेर्कनित्सा गावानजीकचे हे सरोवर. तेथील भूमी चुनखडीची. आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणाहून तिचा स्वभाव वेगळा. ती पाण्यात हळूहळू विरघळते आणि तिच्या पोटात विवरे व भुयारे निर्माण होतात. शरद ऋतूतील पावसाने ही भुयारे तुडुंब भरली, की मैदानावर सुमारे २६ चौरस किलोमीटर पाणी पसरते. उन्हाळ्यात तेच पाणी विवरांवाटे अवघ्या काही आठवड्यांत भूगर्भात उतरते. या चमत्काराचा उलगडा करू पाहणारे वाल्वासोर यांना १६८७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व लाभले.

उन्हाळ्यात येथे गवत वाढते. पुढे ते पाण्याखाली गेले, की वसंतात पाईक मासा त्यावरच अंडी घालतो. पाणी ओसरू लागताच मासे स्त्रझेन नदीच्या पात्रात व डोहांत आश्रय घेतात. डबक्यांत अडकलेल्यांना स्थानिक मच्छीमार उचलून खोल पाण्यात सोडतात. जे राहतात, ते बगळ्यांचे! आफ्रिकेतून येणारा कॉर्नक्रेक पक्षी ओल्या कुरणात जमिनीवरच घरटे करतो. गवताची कापणी लवकर झाली तर त्याची पिले दगावतात. मुळीच झाली नाही तर झुडपे माजून कुरणच नाहीसे होते. तेव्हा शेतकऱ्याचा विळाही या सृष्टीचाच घटक मानावयास हवा.

परंतु माणसाला स्वस्थ बसवत नाही. एकोणिसाव्या शतकात पूर लवकर ओसरावा म्हणून विवरांची मुखे मोकळी करण्यात आली. १९६० नंतरच्या दशकात नेमके उलटे घडले. पाणी बारमाही राहावे म्हणून कार्लोवित्सा गुहांची तोंडे बुजविण्यात आली. पाणी थोडे अधिक रेंगाळले आणि इतर असंख्य वाटांनी निघून गेले. आम्हा शासकीय मंडळींनी हा प्रसंग विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

२००६ साली या सरोवराची रामसर यादीत नोंद झाली. त्यानंतर, पूर्वी सरळ केलेल्या तेथील काही ओढ्यांना त्यांची जुनी वळणे परत देण्यात आली आहेत.